हिशेबाची वही : आफ्रिकेतला साम्राज्यवाद वर्गात शिकवताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर इतिहास शिकवायचे. वर्गात येताना त्यांच्या हातात एखादा जुना कागद हमखास असायचा. कधी सनदेची नक्कल, कधी जमाखर्चाचं पान, कधी कुणाचं तरी पत्र. आधी कागद, मग धडा, असा त्यांचा शिरस्ता होता. आजच्या विषयावर ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही, पण विषय मांडायची रीत मी त्यांचीच घेतली आहे.

आपल्या मुलांना आफ्रिकेतला साम्राज्यवाद आणि त्याचे आजवर टिकलेले परिणाम कसे शिकवायचे, हा माझा विषय. 'आफ्रिका म्हटलं की काय आठवतं?' हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी विचारत आले. उत्तरं ठरलेली असतात. सिंह, जंगल, उपासमार, यादवी, एखादा रोग. हळव्या मनाची मुलं हळूच म्हणतात, 'बिचारे.' हे 'बिचारे' मला टवाळीपेक्षाही जास्त काळजीचं वाटतं. टवाळी करणाऱ्या मुलाला निदान थांबवता येतं. कीव करणाऱ्याला मात्र वाटतं की आपण चांगलंच वागतोय, आणि मग हे असं का झालं हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. गरिबी हा त्या लोकांचा जणू स्वभावच आहे, असं गृहीत धरून तो मोठा होतो.

आपला अभ्यासक्रम या गृहीताला फारसा धक्का देत नाही. 54 देश, 3 कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट क्षेत्रफळ, आणि हे सगळं 'वसाहतवाद' या एका प्रकरणातल्या मोजक्या परिच्छेदांत. बर्लिन परिषदेवर टीप लिहा, वसाहतवादाचे परिणाम सांगा, चार मुद्दे, चार गुण. मुलं मुद्दे पाठ करतात, गुणही मिळवतात.

माझी सूचना अशी की सगळं खंड उरकण्याचा आग्रह सोडावा. एकच देश घ्यावा आणि त्याचा हिशेब मुलांकडून मांडून घ्यावा. कुणी काय नेलं, बदल्यात काय दिलं, कुणाच्या सहीने नेलं, आणि त्यातलं काय अजून चालू आहे? मी काँगो घेते. आज ज्याला काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात, तो. मुलांना आकाराची कल्पना आधी द्यावी लागते. बेल्जियम हा देश आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. काँगो महाराष्ट्राच्या सातपटीहून मोठा. त्या चिमुकल्या देशाचा राजा दुसरा लिओपोल्ड 1885 ते 1908 या काळात या एवढ्या भूमीचा खाजगी मालक होता. बेल्जियम देश नव्हे, एकटा तो. आणि त्याने काँगोत एकदाही पाऊल टाकलं नाही.

हे जमलं कसं? इथे मी मुलांना थेट काँगोत नेत नाही, आधी नाशिकला नेते. शरणपूर रोडवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा ही गोष्ट ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सोडवलेली मुलं मुंबईत उतरवायचं. त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवली जात. तिथे त्यांना वाचन-लेखन, सुतारकी, लोहारकाम शिकवलं जाई. त्यांतलाच एक जेकब वेनराइट, मूळचा आजच्या मलावीकडचा, याओ जमातीतला. तो पुढे आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या ताफ्यात सामील झाला. 1 मे 1873 रोजी आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना जेकबने वाचली. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. ताफ्यातल्या सुसी, चुमा, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी देह उन्हात वाळवला, सालीत गुंडाळला आणि महिनोन् महिने पायी चालत समुद्रकाठी बागामोयोला पोचवला. जेकबने या प्रवासाची रोजनिशी ठेवली. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला आधार देणाऱ्या मान्यवरांत हा शरणपूरला शिकलेला तरुण होता.

त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना ते अर्पण केलेलं आहे. मुलांच्या वहीत या दोन नोंदी शेजारी-शेजारी आल्या की आफ्रिका एकदम जवळ येते. गुलामीचा प्रश्न आपल्याकडे परका नव्हता, आणि आफ्रिकेतली माणसं आपल्याकडे नुसती नकाशातून आलेली नव्हती.

आता पुढचा धागा. लिव्हिंगस्टनला शोधून काढणारा स्टॅन्ली याला लिओपोल्डने नोकरीवर घेतलं. 1879 ते 1884 या काळात तो काँगो नदीच्या काठाने वाटा पाडत, ठाणी बसवत आणि करारनामे गोळा करत हिंडला. त्यांतला एक करार वर्गात वाचण्याजोगा आहे. 1884 च्या एप्रिलमधला, न्गोंबी आणि माफेला इथल्या मुखियांशी केलेला. दर मुखियाला महिन्याला कापडाचा एक तुकडा, आणि बदल्यात त्यांच्या मुलखावरचे सगळे सार्वभौम हक्क, शिवाय लागेल तेव्हा मजूर पुरवण्याचं बंधन. करार परक्या भाषेत, खाली मुखियांच्या फुल्या. 'कापडाच्या तुकड्याला कुणी राज्य देतं का?' असं मुलं विचारतात. तेव्हा मी त्यांना उलट विचारते, की फुली मारणाऱ्याला आपण काय देतोय असं सांगितलं असेल? या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो, आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

जगापुढे लिओपोल्डने आव आणला होता तो गुलामांचा व्यापार बंद करण्याचा. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूने युरोपात जी हळहळ पसरली होती, तिचा त्याने पुरेपूर उपयोग केला. आणि 1887 मध्ये त्याच माणसाने झांझिबारचा बडा गुलामांचा व्यापारी टिप्पू टिप याला काँगोतल्या स्टॅन्ली फॉल्सचा गव्हर्नर नेमलं.

बर्लिन परिषदेवर मी फार वेळ घालवत नाही. 15 नोव्हेंबर 1884 ते 26 फेब्रुवारी 1885, बिस्मार्कचं निवासस्थान, चौदा सत्तांचे प्रतिनिधी, आफ्रिकेचा एकही नाही. एवढं पुरे. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. परिषदेत टेबलावर नकाशा पसरून सगळ्या सीमा आखल्या, असं आपण सांगत आलो. तसं घडलेलं नाही. परिषदेने दावे कसे करायचे याचे नियम ठरवले. बहुतेक सीमा पुढच्या वीसेक वर्षांत त्या त्या दोन-दोन सत्तांनी आपसांत करार करून आखल्या. हा फरक महत्त्वाचा आहे. एका बैठकीत झालेला अन्याय मुलांना नाटकातल्या प्रवेशासारखा वाटतो. वर्षानुवर्षं, कचेऱ्यांमधून, शांतपणे झालेला अन्याय समजायला जास्त कठीण आहे, पण खरा तसाच होता.

आता या धड्याचा गाभा. 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. सायकली आणि मग मोटारी, रबराला भलतीच मागणी. काँगोच्या जंगलात रबराच्या रानवेली होत्या, लागवड करायचीही गरज नव्हती. लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीत एडमंड मोरेल नावाचा एक तरुण कारकून होता. काँगोचा माल अँटवर्प बंदरात त्यांच्याच जहाजांतून येई. फ्रेंच येत असल्यामुळे त्याला हिशेब पाहायला अँटवर्पला पाठवत. तिथे त्याने दोन बाजू पाहिल्या. येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने ठासून भरलेली. जाणाऱ्या जहाजांत मुख्यतः सैनिक, बंदुका आणि काडतुसं. व्यापारी माल नावालाच.

मी फळ्यावर दोन रकाने आखते. एका बाजूला 'आले', दुसऱ्या बाजूला 'गेले'. मोरेलला दिसलं तेवढंच लिहिते आणि खडू खाली ठेवते. मुलांना सांगते, 'तुम्ही कारकून आहात. आफ्रिकेत कधी गेलेला नाहीत. तिथून कुणाचं पत्र आलेलं नाही. या दोन रकान्यांवरून काय कळतं ते सांगा.' थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, 'बाई, मग रबर काढणाऱ्याला पैसे कसे मिळतात?' मिळतच नाहीत. आणि मोबदला न घेता कोणी जंगलात आठवडेच्या आठवडे राबत नाही, राबवला जातो. बंदुका कशासाठी जातात याचं उत्तर मग आपोआप येतं. मोरेलनेही हे असंच, गोदीत उभं राहून ओळखलं. 1901 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढची वर्षं या एकाच कामाला वाहिली.

आपल्या मुलांजवळ हे ओळखायचं हत्यार आधीच असतं, हे आपण शिक्षक विसरतो. दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत ती शिकलेली असतात. हिंदुस्थानातून निर्यात एवढी, आयात तेवढी, मधली तूट कुठे गेली? दादाभाईंनी सरकारचेच आकडे घेऊन सरकारला हा प्रश्न विचारला. त्यांचं 'पॉव्हर्टी अँड अनब्रिटिश रूल इन इंडिया' 1901 मध्ये निघालं, मोरेलने नोकरी सोडली त्याच वर्षी. त्याही आधी, 1841 मध्ये, आपल्या भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या वृत्तपत्रात पत्रं लिहून हीच लूट मांडली होती. म्हणजे आफ्रिकेचा हिशेब वाचायला लागणारी नजर आपल्याकडे साठ वर्षं आधीपासून तयार होत होती. दादाभाई आणि मोरेल एकाच दिवशी शिकवून पाहा, मुलं दोघांनाही विसरत नाहीत.

लुटीची पद्धतही नेमकी सांगायला हवी. गावाला रबराचा वाटा ठरवून द्यायचा. तो येईपर्यंत गावातल्या बायका ओलीस धरायच्या. वाटा कमी पडला तर फोर्स पब्लिक नावाची फौज पाठवायची. अधिकारी काळ्या शिपायांना काडतुसं मोजून देत. प्रत्येक काडतूस माणसावरच खर्च झालं याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात आणावा लागे. काडतूस शिकारीत वाया गेलं तर शिपाई जिवंत माणसाचे हात तोडत. हीसुद्धा एक हिशेबाची रीतच होती, आणि मुलांना ती तशीच समजावून द्यावी लागते. ही माणसं वेडी नव्हती. ती नोंदी ठेवत होती.

इथे प्रत्येक शिक्षकापुढे एक पेच उभा राहतो. 1904 मध्ये बारिंगा इथे ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेला फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. न्साला नावाचा बाप ओट्यावर बसला आहे आणि त्याच्यासमोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, तोडलेला हात आणि पाऊल आहे. या फोटोने युरोप हादरला. तो नववीच्या वर्गात दाखवावा का? माझं मत, सुरुवातीला मुळीच नाही. तो आधी दाखवला की वर्ग सुन्न होतो, आणि सुन्न झालेला वर्ग विचार करत नाही. मग पुन्हा 'बिचारे' सुरू होतं. फळ्यावरचे दोन रकाने मुलांनी स्वतः जुळवल्यानंतर, फोटो कुणी काढला, कशासाठी काढला, न्सालाने तो का काढू दिला, हे विचारायची तयारी झाल्यावर दाखवा. मोठ्या मुलांना दाखवा. आणि त्याआधी त्यांना लोंतुलूची ओळख करून द्या.

मोरेलची चळवळ, ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा 1904 चा अहवाल, यांमुळे लिओपोल्डला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगासमोर काँगोतल्या शेकडो माणसांनी साक्षी दिल्या. बोलिमाचा मुखिया लोंतुलू साक्षीला आला तो 110 काटक्या घेऊन. रबरापायी मारल्या गेलेल्या त्याच्या प्रत्येक माणसामागे एक काटकी. त्याने त्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांचे चार ढीग केले. मानकरी, पुरुष, बायका, मुलं. वर्गात मी खरोखर काटक्या आणते आणि मुलांकडूनच मोजून घेते. एकशे दहा मोजायला बराच वेळ लागतो. निम्म्यावर आल्यावर वर्ग शांत झालेला असतो.

मोरेलने हिशेब मांडला अँटवर्पच्या गोदीत, लोंतुलूने मांडला आपल्या गावात. पहिल्याबद्दल पुस्तकं आहेत, दुसऱ्याची साक्ष ब्रुसेल्सच्या दप्तरखान्यात 1980 च्या दशकापर्यंत संशोधकांना बंद होती. आपण शिकवताना फक्त मोरेल आणि केसमेंट सांगितले, तर मुलं असं समजून जातात की एका गोऱ्याने मारलं आणि दुसऱ्या गोऱ्याने वाचवलं, आणि मधला आफ्रिकी माणूस फक्त सोसत राहिला. लोंतुलू सोसत बसलेला नव्हता. तो पुरावा जमवत होता.

किती माणसं गेली? जनगणना नव्हती, त्यामुळे इतिहासकारांत वाद आहे. खुद्द बेल्जियन सरकारच्या एका आयोगाने 1919 मध्ये लोकसंख्या निम्म्यावर आल्याचा अंदाज दिला होता. त्यात गोळ्यांनी मेलेले, भुकेने मेलेले, निद्रारोगाने गेलेले आणि जन्मालाच न आलेले, सगळे आले. मुलांना एकच मोठा आकडा पाठ करायला देऊ नये. आकडा का मिळत नाही, हे शिकवावं. 1908 मध्ये काँगो बेल्जियम देशाच्या ताब्यात देण्याआधी लिओपोल्डच्या ब्रुसेल्समधल्या कचेरीत आठ दिवस कागद जळत होते. ही काही एकट्या लिओपोल्डची युक्ती नाही. ब्रिटिशांनी वसाहती सोडताना हेच केलं, आणि जे जाळलं नाही ते लपवलं. इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क इथे दडवलेली दप्तरं 2011 मध्ये उघडकीस आली. त्यांत केनियातल्या ब्रिटिशांविरुद्धच्या माउ माउ उठावाच्या वेळच्या छळछावण्यांचे कागद होते. म्हातारे झालेले कैदी न्यायालयात उभे राहिले. 2013 मध्ये ब्रिटिश सरकारने 5,228 जणांना मिळून सुमारे 1 कोटी 99 लाख पौंड द्यायचं कबूल केलं. कागद हाती लागले नसते तर हे घडणं फार अवघड होतं.

आता टिकलेल्या परिणामांकडे येते. पाठ्यपुस्तकात ते एका वाक्यात असतात, 'सीमा कृत्रिम असल्याने संघर्ष झाले', वगैरे. परिणाम कुठल्या वाटेने टिकतो ती वाट दाखवल्याशिवाय हे वाक्य पोकळ आहे.

पहिली वाट शाळेची. मुंबई विद्यापीठ 1857 चं. काँगोतलं पहिलं विद्यापीठ 1954 चं. जवळजवळ शंभर वर्षांचा फरक का? ब्रिटिशांना हिंदुस्थान चालवायला देशी कारकून, वकील, मुन्सफ हवे होते. बेल्जियनांनी ठरवलं होतं की काँगोतल्या मुलाने मिशनच्या शाळेत लिहावं-वाचावं, कामाला लागावं, फार वर चढू नये. 30 जून 1960 रोजी सुमारे दीड कोटी लोकांचा देश स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे पदवीधर तीसदेखील नव्हते. सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. स्वातंत्र्यानंतर पाच दिवसांनी बेल्जियन सेनापती यान्सेन्स याने शिपायांसमोर फळ्यावर लिहिलं: स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. फौजेत बंड झालं. सहा दिवसांत तांबं, कोबाल्ट आणि युरेनियमने भरलेला कटांगा प्रांत बेल्जियन खाण कंपनीच्या पाठबळावर फुटून निघाला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं बरंचसं युरेनियम याच प्रांतातल्या शिंकोलोब्वे खाणीतलं होतं, म्हणजे ही ठेव सहज सोडून देण्यातली नव्हती.

पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना 17 जानेवारी 1961 रोजी कटांगात गोळ्या घातल्या. बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते. देह आम्लात विरघळवला. एका बेल्जियन पोलिस अधिकाऱ्याने त्यांचा दात स्वतःजवळ ठेवला होता, तो जून 2022 मध्ये कुटुंबाला परत मिळाला. 1965 पासून 1997 पर्यंत हुकूमशहा मोबुटूने देश लुटला, आणि त्यातला बहुतांश काळ वॉशिंग्टन, पॅरिस आणि ब्रुसेल्सचा हात त्याच्या पाठीवर होता. कटांगा फुटला त्या काळात काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपलेही जवान होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना 5 डिसेंबर 1961 रोजी एलिझाबेथव्हिलला वीरमरण आलं, त्यांना परमवीरचक्र मिळालं. आपल्या मुलांना त्यांचं नाव माहीत असतं, पण ते कटांगात कशासाठी लढत होते ते माहीत नसतं.

दुसरी वाट ओळखपत्राची. शेजारचं रवांडाही बेल्जियमकडे होतं. 1933 च्या सुमारास बेल्जियनांनी तिथल्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असं छापायला सुरुवात केली. भेद आधी नव्हते असं नाही, पण ते काहीसे लवचिक होते. गुरंढोरं वाढली, सोयरीक जुळली की माणूस इकडून तिकडे जाऊ शके. पत्रावर छापल्यावर तो दरवाजा बंद झाला. 1994 मध्ये नाक्यानाक्यावर हीच पत्रं तपासून तुत्सींना बाजूला काढलं गेलं, आणि सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यानंतर निर्वासितांबरोबर मारेकरीही सीमा ओलांडून काँगोच्या गोमा शहराकडे आले. 1996 पासूनची युद्धं तिथून सुरू झाली. जानेवारी 2025 मध्ये गोमा पुन्हा बंडखोरांच्या हाती गेलं. एका छापील रकान्यापासून आजच्या बातमीपर्यंतची ही वाट मुलं बोटाने नकाशावर दाखवू शकतात. जातीचा दाखला काढण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या घरांतली मुलं या भागात फार बारकाईने प्रश्न विचारतात. त्यांना विचारू द्यावं. आपला दाखला अन्याय दूर करण्यासाठी दिला जातो आणि ते पत्र वेगळ्या हेतूने दिलं गेलं, हा फरक त्यांच्याच चर्चेतून निघतो.

वर्गात तीन प्रश्न हटकून येतात.

'त्यांचेच राजे लोकांना विकत होते ना?' काही विकत होते, हे सरळ सांगावं. आणि लगेच सांगावं की 1526 मध्ये जुन्या कोंगो राज्याचा राजा अफोन्सो याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून आपली माणसं पळवून नेली जातात म्हणून तक्रार केली होती. ती पत्रं आजही आहेत.

'गोऱ्यांनी रेल्वे तरी बांधली ना?' बांधली. 1890 ते 1898 मध्ये मटाडीपासून वरच्या नदीपर्यंत. धबधब्यांमुळे अडलेला माल बंदरापर्यंत यावा म्हणून. लोहमार्ग खाणीपासून बंदराकडे गेले, गावापासून गावाकडे गेले नाहीत. आजही किन्शासाहून गोम्याला धड रस्त्याने जाता येत नाही. केनिया-युगांडाची रेल्वे बांधायला 1896 पासून हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मेले.

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला. 'साठ वर्षं झाली, अजून किती दिवस गोऱ्यांनाच दोष द्यायचा?' हा विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नये. मोबुटूची लूट ही मोबुटूचीच होती, आणि त्यानंतरच्या सत्ताधाऱ्यांची त्यांची. पण त्याच मुलाला पुन्हा दोन रकाने आखायला लावावे. आज जगभरच्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे 70 टक्के काँगोतून येतो. आपल्या फोनच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीत तो असतो. कोल्वेझीच्या आसपास माणसं, कधी मुलंसुद्धा, फावडं-कुदळ घेऊन तो खणतात. शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होतं, खाणीही बऱ्याच चिनी कंपन्यांकडे आहेत. 'आले' आणि 'गेले' या रकान्यांत आज काय लिहाल? नावं बदलली आहेत, गोऱ्यांची मक्तेदारी उरलेली नाही. मग रकाने का बदलले नाहीत? याचं तयार उत्तर मी देत नाही, कारण माझ्याकडे ते पूर्ण नाही. वर्ग वाद घालतो आणि तो घातलाच पाहिजे.

शेवटी आपल्याबद्दल. या इतिहासात आपण नुसते सहपीडित नव्हतो. 1868 मध्ये इथिओपियाच्या मग्दालावर चालून गेलेली फौज मुंबई लष्कराचा सेनापती नेपियर याने नेली, मुंबईच्या बंदरातून, हिंदी शिपाई आणि हत्ती घेऊन. सम्राट तेवोद्रोसने स्वतःला संपवलं. पोथ्या, मुकुट, चर्चमधल्या वस्तू यांची लूट वाहायला पंधरा हत्ती आणि सुमारे दोनशे खेचरं लागली. सात वर्षांच्या राजपुत्र अलेमायेहूला इंग्लंडला नेलं. तो 1879 मध्ये अठराव्या वर्षी वारला आणि विंडसरला पुरला गेला. इथिओपियाने अस्थी मागितल्या, 2023 मध्ये राजवाड्याने नकार दिला. गेटवेला सहल नेताना समोरचं बंदर दाखवून ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात. त्याच दमात पिओ गामा पिंटो यांचं नाव सांगावं. गोव्याच्या कुटुंबातले, नैरोबीत जन्मलेले, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या कैदेत राहिलेले, आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी स्वतंत्र केनियात गोळी घालून मारले गेलेले. पूर्व आफ्रिकेतल्या सरकारी कचेऱ्यांत गोव्याचे कारकून होते, तुरुंगात गोव्याचा पिंटोही होता. मुलांना दोन्ही माणसं कळली पाहिजेत.

पुण्यात सुदान, केनिया, टांझानिया, नायजेरियातून मुलं शिकायला येतात. त्यांना खोली देताना घरमालक काय बोलतात, रिक्षात, रस्त्यावर त्यांना काय ऐकावं लागतं, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे. त्यांना वर्गात पाहुणे म्हणून बोलवा, पण आफ्रिकेचं दुःख सांगायला नको. त्यांच्या शाळेत हा इतिहास कसा शिकवतात, ते विचारायला बोलवा. रवांडातल्या शाळांत 1994 नंतर बरीच वर्षं देशाचा इतिहास शिकवणंच थांबवलं होतं. कुणाचा इतिहास सांगायचा यावर एकमत होईना. तिथल्या शिक्षकांपुढचा पेच आपल्यापेक्षा किती मोठा आहे, हे ऐकून आपल्या मुलांना आणि आपल्यालाही पुष्कळ शिकता येईल.

वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. मी हा विषय चार तासिकांत बसवते. करार आणि शरणपूर एका तासात, दोन रकाने आणि दादाभाई दुसऱ्या, लोंतुलू आणि जाळलेले कागद तिसऱ्या, ओळखपत्र आणि कोबाल्ट चौथ्या. बाकीच्या खंडाचे मुद्दे मुलं पुस्तकातून वाचतात आणि परीक्षेत लिहितात, त्यात त्यांचं काही अडत नाही. काटक्या मात्र शिक्षकानेच आदल्या दिवशी गोळा करून ठेवाव्या लागतात.